खोटं बोलले होते

ट्रेनिंगला आम्ही अकरा जणी,
बालवाडीच्या खोलीत, पोरांच्या सतरंजीवर.
सिस्टर इंगळेंनी पिशवीतून रबरी छाती काढली
आणि पुढं सरकवली.
कुणी हातच लावेना.
मग शहनूरबीनं उचलली, तळहातावर तोलली,
म्हणाली, पाव किलो भरेल,
आणि हसून हसून आमच्या डोळ्यांना पाणी.

हिच्यात तीन गाठी आहेत, सिस्टर म्हणाल्या,
डोळे मिटून शोधा.
त्यांना वाटलं, दुपार जाईल.
पण आम्ही नवव्या वर्षापासून
पान चिमटीत धरून सांगतोय शीर कुठं जाड आहे,
कुठल्या विडीत तंबाखू गोळा होऊन बसलाय.
आम्ही चार सांगितल्या.
चौथी म्हणजे रबराचा सांधा होता.
असू दे, सिस्टर म्हणाल्या,
शंका आली की दाखवायचं.
गाठ कसली, ते ठरवायला डॉक्टर आहेत.

मग घरकुलातल्या गल्ल्या.
राजमणी येमूल सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात,
मान वर न करता विडी वळतेय.
दुखत नाही की मला, कशाला येऊ?
दुखत नाही तेव्हाच यायचं असतं, राजमणी.
एक दिवस गेला तर हजार विड्या गेल्या,
त्या कोण वळणार, तुझी सिस्टर?
ह्यांना काय सांगू? रात्रपाळी करून
आत्ता झोपलेत, कानात अजून माग चालतोय.
आणि परक्यापुढं पदर काढायचा?
तिथं बाईच असते, मी म्हटलं.
तेव्हा तिनं मान वर केली.
तू काढलास?

हो, म्हणाले मी.
दोरा तुटावा इतकं सहज.

त्या रात्री मोरीत, कडी लावून,
ओल्या अंगावर तीन बोटं टेकवली.
शिकवलं तसंच, गोल गोल, काखेपर्यंत.
रबराच्या गाठी पटापट सांगणारी बोटं
माझ्याच कातडीवर अडाणी झाली.
काखेजवळ काहीतरी होतं.
किंवा नव्हतं.
तीन दिवस माझ्या विड्यांची तोंडं नीट मिटेनात,
चेकरनं दीडशे छाट काढली,
घरी कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही.

मंगळवारी एकटी गेले.
रांगेत पुढची बाई अक्कलकोटकडची, कानडीत देवाला काहीतरी बोलत होती.
मशीनची काच थंड.
आतली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची,
श्वास धरा मावशी, म्हणाली.
धरला.
सोडा म्हणाली तरी जरा वेळ धरूनच होते.

आठ दिवसांनी कागद आला.
काय निघालं, सगळ्या विचारतात.
मी सांगत नाही.
काही नाही निघालं म्हटलं, तर म्हणतील,
बघ, उगीच हेलपाटा.
निघालं म्हटलं, तर दारं लावून घेतील.
फक्त राजमणीला सांगितलं,
आणि त्याच्याआधी हे,
की त्या दिवशी मी खोटं बोलले होते.

तिनं वळलेली विडी जुडीत घातली,
पंचवीस मोजल्या, बांधल्या.
तोंडात तेलुगूतली एक शिवी, माझ्यासाठीच.
मग म्हणाली, वस्ता.
येते.
पण उद्या नाही, उद्या माल द्यायचाय.

परवा ती आली ती सूप घेऊनच.
दवाखान्याच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली,
नंबर येईपर्यंत दोनशे तरी होतील, म्हणाली.
एकशेचाळीस झाल्या आणि आतून नाव पुकारलं,
येमूल राजमणी, येमूल राजमणी.
तिनं सूप माझ्या मांडीवर ठेवलं,
हात पदराला पुसले, पुन्हा पुसले,
आणि गेली.

सुपात एक विडी अर्धीच वळलेली होती.
पान उलगडायला लागलं होतं.
मी ती उचलली, तोंड मिटलं,
दोऱ्याचे दोन वेढे दिले
आणि दाराकडं बघत राहिले.